बी साइडवरचं गाऱ्हाणं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या दिनूला तर नाहीच नाही. आणि आता सांगतोय ते कुठे? तुम्ही विकत घेतलेल्या रेकॉर्डच्या आतल्या कागदावर. ईशा म्हणाली होती, "सर, दोन पानं आठवणी लिहून द्या ना, लोकांना आवडतात." घे बाई आठवणी. आवडतील की नाही, ते मला विचारू नकोस.

ईशा ही माटुंग्याची मुलगी. कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या जुन्या कॅसेटी शोधते आणि भावाबरोबर त्यांच्या नव्या तबकड्या काढते. आमची कॅसेट तिला एका रद्दीवाल्याच्या खोक्यात भजनांच्या खाली मिळाली. आठ गाणी, दोन बाजू, वर चार पोरांचा धुरकट फोटो आणि बँडचं नाव — 'बदली'. गिरणीत जो कायम नसतो, रोज सकाळी गेटवर उभा राहतो आणि कोणी गैरहजर असेल तरच आत जातो, तो बदली कामगार. आमच्यातही कायम कोणी नव्हतं. ड्रमवाला परळच्या लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवायचा. बेसवाला गिरगावातला, कॉलेजात कमी आणि आमच्या गॅलरीत जास्त. दिनू भजनी मंडळातून आलेला, त्याचा आवाज असा की वरच्या मजल्यावरच्या बायका पोळपाट बाजूला ठेवायच्या. आणि मी, शरद. गिटार, आणि टेपरेकॉर्डर.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोळ नको. कॅसेट चांगली आहे. मी खोटा विनय करणार नाही. गिरणी संपाच्या दुसऱ्या वर्षी, घरात डाळ पातळ होत होत नुसतं पिवळं पाणी उरलेलं असताना, लालबागच्या चार पोरांनी मराठीत रॉक केलं. लोक हसले. हा काय धिंगाणा, म्हणाले. आज ते ऐकून तुमच्या अंगावर काटा येत असेल तर तो येऊ द्या, आम्ही तो कमावलेला आहे. पुढे जे सांगणार आहे त्याने गाणी वाईट होत नाहीत. मी होतो.

आता बी साइडचं शेवटचं गाणं. त्याच्याबद्दलच तर सगळे बोलतात. गाणं संपतं, ड्रम एकटा चालू राहतो, आणि त्यावर एका म्हाताऱ्याचा मालवणी आवाज येतो. गाऱ्हाणं घालतोय. कोकणातलं माणूस देवापुढे नारळ ठेवून असं गाऱ्हाणं घालतं — गावातला जाणता मोठ्याने देवाशी बोलतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्यावर 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तर तो म्हातारा म्हणतो, "बा देवा म्हाराजा, सगळी भायर बसली आसत, आणि आज हो तुझो लेकरू विष्णू मागच्या दारान कामाक गेलो रे म्हाराजा—" मग एक खोकला. आणि मग चार पोरं छाती फोडून ओरडतात, "व्हय म्हाराजा!" गिटार कोसळते. संपलं.

वीस सेकंद असतील. ह्या वीस सेकंदांवर मी आयुष्यभर जेवलोय. संप फोडणाऱ्याचं नाव घेऊन, भर कॅसेटमध्ये, देवापुढे उभं करून — काय हिंमत! कोणी त्यावर लिहिलं, कोणी मला व्यासपीठावर बसवलं, शाल दिली. एका पोराने तर त्या खोकल्याचं कौतुक केलं. म्हणे, ठेक्याच्या बरोब्बर आधी तो खोकला कसा काय सुचला तुम्हाला? मी काय सांगितलं असेल? सांगितलं, सुचलं बुवा.

तो खोकला काकीचा होता. विष्णूकाकांच्या बायकोचा. दिनूच्या आईचा.

हो. विष्णू म्हणजे दिनूचे वडील. ज्या चार पोरांनी छाती फोडून 'व्हय म्हाराजा' म्हटलं, त्यात सगळ्यात उंच आवाज दिनूचा आहे. स्वतःच्या बापाच्या नावावर. आणि तो ओरडला तेव्हा कशावर ओरडतोय हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

थांबा. अजून मुद्द्याशी आलेलो नाही. हे तर नुसतं अंगण झालं.

आमच्या चाळीत तळमजल्यावर गाववाल्यांची खोली होती. एकाच गावचे पंधरा-वीस पुरुष पाळ्यापाळ्यांनी तिथे राहायचे, एकाच्या अंथरुणातून दुसरा उठला की तिसरा झोपायचा. संपात सगळे गावी गेले आणि खोलीत उरले एकटे आबा. कोणाचे आबा? सगळ्यांचे. गिरणीतून कधीच निवृत्त झालेले, फळीवर गावदेवाची तसबीर, रोज हार नसला तरी तुळशीचं पान ठेवणारे. गाऱ्हाणं घालायचं तर आबांनीच, हा चाळीचा नेम. बारसं असो की नवी नोकरी, कोणी गावी निघालेलं असो. आबांचा शब्द देवापर्यंत जातो, असं लोक मानायचे. मी मानत नव्हतो, पण त्यांचा आवाज मानत होतो.

म्हणून ठरलं होतं की कॅसेटच्या शेवटी आबांचं गाऱ्हाणं घ्यायचं. साधंच — पोरांच्या कामाला यश दे, वगैरे. आबा खूश झाले. दुपारी ये म्हणाले. मी मामाने दुबईहून आणलेला छोटा टेपरेकॉर्डर कापडी पिशवीत घालून खाली गेलो.

मी पोचलो, मशीन बाहेर काढलं आणि मागोमाग विष्णूकाका आले. हातात नारळ. मागे काकी, तोंडावर पदर धरून खोकत. काकांचे डोळे लाल. चाळीत सगळ्यांना वाटायचं की ते शिवडीला गोदीत हमालीला जातात. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ता मशीन ठेव भायर." मी ते पिशवीत घातलं आणि निघालो, तर आबांनीच अडवलं. "थांब रे शरद. व्हय म्हणूक माणूस होयो."

कळलं का? गाऱ्हाण्याला होकार देणारी माणसं लागतात. देवाशी एकट्याने बोललेलं धरत नाहीत. खोली रिकामी, सगळे गावी, आणि काकांना तर हे चाळीत दुसऱ्या कोणाला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून त्यांनी मला बसवून घेतलं. घरचाच पोरगा, दिनूचा जिवलग. मी बसलो. पिशवी मांडीवर घेतली. आणि कापडावरूनच दोन बटणं एकदम दाबली.

का दाबली? त्या दिवसांत मी सगळंच टेप करायचो. सभा, आरत्या, नळावरची भांडणं. सवय होती. इतकंच म्हणून सोडून देऊ? द्या सोडून. बटण दाबलं हा माझा गुन्हा नव्हेच. गुन्हा त्यानंतर तीन वेळा केला, आणि तिन्ही वेळा पूर्ण शुद्धीत.

पहिली वेळ. गिरगावातला एक छोटा स्टुडिओ, जिथे एरवी आरत्या आणि सत्यनारायणाच्या कथा व्हायच्या. चौघांचे 'व्हय म्हाराजा' आदल्या दिवशी घेऊन झाले होते. आबांचं साधं गाऱ्हाणंही मी नंतर टेप केलं होतं, पण मशीन समोर दिसल्यावर आबा शाळेतल्या पोरासारखे पाठ म्हणायला लागले. बेचव. मग मी एकटा दुसऱ्या दिवशी गेलो आणि ही दुसरी, त्या दुपारी चोरून भरलेली कॅसेट दिली. स्टुडिओतल्या काकांनी कानाला हेडफोन लावले, ऐकलं, आणि मला म्हणाले, "अहो, यात माणसाचं नाव येतंय. काढू ना ते?" मी म्हणालो, राहू द्या.

पुढे आयुष्यभर मी काय सांगत आलो? ड्रमच्या आवाजात नाव येतंय हे माझ्या लक्षातच आलं नाही. आधी असं सांगायचो. मग काळ बदलला, संप फोडणाऱ्याचं नाव घेणं ही हिंमत ठरली, तेव्हा सांगायला लागलो की जाणूनबुजून ठेवलं. पाण्यासारखा, ज्या भांड्यात ओताल तसा.

आणि खरं काय? नाव अगदी समेवर पडत होतं, हे खरं. तो आवाज जिवंत होता, हेही खरं. पण तेवढंच नव्हतं. माझे बाबा गिरणीच्या साचेखात्यात, मागावर, बावीस वर्षं कायम होते. संपात ते भोईवाड्याला कोर्टासमोर भाजीची पाटी घेऊन बसायचे, आणि ओळखीचं कोणी आलं की मान खाली घालून कोथिंबीर नीट करायचे. मी ते बसस्टॉपवरून पाहिलंय. आणि हे विष्णूकाका आत जाऊन पगार घेतात? मला राग आला होता. साधा, आंधळा, पोटातून आलेला राग. वरच्या मजल्यावर जाऊन काकांना तोंडावर विचारायची माझी छाती नव्हती. मग मी देवापुढचं बोलणं चाळीपुढे टाकलं. म्हाताऱ्याच्या तोंडून. गिटार लावून.

तुम्ही म्हणाल, काळच तसा होता. नका म्हणू. काळाच्या हातात टेप कापायचं ब्लेड नव्हतं. माझ्या होतं.

दुसरी वेळ. गणपतीच्या आधीचा आठवडा, चाळीचा मांडव उभा राहत होता. दिनू स्वतः गिरगावातून तयार कॅसेटचं पुडकं घेऊन आला. नाचतच आला म्हणा. मांडवातल्या अ‍ॅम्प्लिफायरवर त्यानेच कॅसेट लावली, दोन्ही कर्णे चाळीकडे वळवले. गॅलऱ्या भरल्या. पोरं नाचली, बायका हसल्या, एक-दोघींनी कानावर हात ठेवले. विष्णूकाका मखराला चंदेरी कागद चिकटवत होते. खळीची वाटी त्यांच्या हातात होती. आबा बाकावर बसले होते.

ए साइड संपली. दिनूने बाजू बदलली. मी तेव्हा थांबवू शकलो असतो. पाणी पिऊन येतो म्हणून वायर ओढता आली असती. नाही ओढली. मला ऐकायचं होतं. एवढ्या मोठ्या कर्ण्यांतून कसं वाजतंय, हे मला ऐकायचं होतं!

वाजलं. गिटार कोसळली आणि कॅसेट खटकन थांबली. काका तसेच उभे, कागद अर्धा चिकटलेला. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. माणसं नुसती एकेक करून त्यांच्याजवळून सरकली. आणि दिनू — त्याचा चेहरा मी इथे लिहिणार नाही. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ह्या कोणी घातलान शरद?"

आणि मी म्हणालो, "आबांनीच सांगितलं. टेप कर म्हणाले. लोकांना कळू दे म्हणाले."

हीच ती गोष्ट. इतकी वर्षं जी गिळून बसलोय ती ही. एवढंसं वाक्य, विचार न करता आलेलं, आणि अजिबात अडखळलं नाही.

सगळी चाळ आबांकडे वळली. आबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण पाहिलं. मग दिनूकडे पाहून म्हणाले, "व्हय."

बस्स. व्हय. का म्हणाले असतील? मी संपवाल्याचा पोरगा, मला वाचवायला? की गाऱ्हाण्यातली गोष्ट बाहेर गेली ती त्यांच्याच खोलीतून, म्हणून त्यांनी ती आपलीच चूक धरली? मी विचारलं नाही. माझी ती तिसरी वेळ. त्यानंतर आबा चाळीत अजून आठ महिने होते. रोज दिसायचे. रोज संधी होती.

त्या संध्याकाळी बाबा भाजीची पाटी ठेवून आत आले, त्यांना बाहेर सगळं कळलं होतं, आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरा केलंस," म्हणाले. त्याआधी त्यांनी असा हात कधी ठेवल्याचं मला आठवत नाही. मला खूप बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. माझ्या खोटेपणातला सगळ्यात गोड घास तो होता, आणि आजही आठवला की गोडच लागतो.

पुढचं थोडक्यात. गणपतीत दिनूच्या घरचा प्रसाद कोणी घेतला नाही. मांडवातल्या जेवणाला काका पंगतीत बसले, तर शेजारचे दोघं पाणी आणायला म्हणून उठले आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. दिवाळीआधी त्यांनी खोली सोडली. काकी गावी जाऊन वारल्या, त्यांना क्षय होता. ते मला तेव्हाही माहीत होतं, कारण त्या दुपारी आबांनी ते देवाला सांगितलं होतं आणि मी तिथे बसलो होतो. काकांची गिरणीही पुढे बंद पडली. बाबांची आधीच पडली होती. आबांना गाऱ्हाणं घालायला पुन्हा कोणी बोलावलं नाही. देवापुढचं बोलणं जो चव्हाट्यावर आणतो त्याच्या तोंडून कोण बोलेल? ते गावी गेले आणि तिथेच वारले. दिनू पुन्हा गायला नाही. शिवडीला एका गोदामात लागला, खरोखर लागला. 'बदली' एका कॅसेटवर संपली.

आणि मी? मला काय धाड भरली होती! ऑफिसात लागलो, लग्न केलं, वेळच्या वेळी बढत्या घेतल्या, शाली घेतल्या.

आता ईशाच्या लोकांनी तो आवाज साफ केलाय. नाव आरशासारखं स्वच्छ ऐकू येतं. तिने विचारलं, सर, नाव ठेवायचं ना? मी म्हणालो, ठेव. दिनूची सही आणायला ती शिवडीला गेली होती. त्याने कागद न वाचता सही केली आणि तिला एवढंच विचारलं, शरद अजून वाजवतो काय? तिने मला हे हसत सांगितलं. मीही हसलो.

त्यानंतर एका रविवारी मी शिवडीला गेलो. त्याची इमारत सापडली. खाली उभा राहून एक चहा प्यायलो आणि परत आलो. म्हणजे पुन्हा तेच. तोंडावर बोलायची वेळ आली की मशीनला पुढे करायचं. दिनू हे वाचेल तेव्हा त्याला कळेल, मला कळतंयच. मी बदललोय वगैरे म्हणणार नाही. मी तोच आहे, फक्त म्हातारा.

ईशाने तीनदा विचारलं होतं — सर, त्या वेळचं काही उरलेलं रेकॉर्डिंग? तीनदा मी नाही म्हणालो. खोटं. कपाटात, मुलीच्या शाळेच्या दाखल्यांखाली, त्या दुपारची कॅसेट होती. पुरी. स्टुडिओत मी गाऱ्हाणं वापरलं ते अर्धंच होतं. 'कामाक गेलो रे म्हाराजा' आणि खोकला, तिथे मी स्टुडिओतल्या टेपवर ब्लेड चालवलं आणि पुढे चौघांचा होकार जोडला. आबा तिथे थांबले नव्हते. तो आरोप नव्हताच. आबा देवाला आधी चूक सांगत होते, मग मागणं मागणार होते. गाऱ्हाणं असंच असतं, कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. मी मागणं कापलं.

हा कागद देताना मी ती कॅसेटही ईशाला दिली. बी साइडच्या शेवटी, थोडी शांतता सोडून, ती पुरी लावलीय. गिटार नाही, ड्रम नाही. ऐकून तुम्ही काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. मला माफी नको. कोणी दिली तर ठेवायला जागा नाही.

आबा म्हणतात, "घरात दुखणा आसा, म्हणान गेलो, तेचो राग धरू नको. जे भायर रवले तेंका सांभाळ, जो आत गेलो तेकाय सांभाळ, आणि सगळ्यांका परत एका पंगतीक बसव रे म्हाराजा."

मग तीन आवाज येतात. एक काकीचा, खोकल्यात अडकलेला. एक काकांचा, अर्ध्यावर तुटलेला. आणि एक मोठा, खणखणीत, त्या दोघांना झाकून टाकणारा, कारण मशीन त्याच्याच मांडीवर होतं. व्हय म्हाराजा, म्हणतो.

तो मी.